बेरजेत बुडालेले मासे

शार्क वाचवा म्हणणारे आणि शार्कची एवढी काळजी कशाला म्हणणारे, या दोघांच्याही तोंडी एकच वाक्य असतं. ‘हे मासे डायनासोरच्याही आधीपासून आहेत, ४० कोटी वर्षांत फारसे बदललेले नाहीत आणि पाच महाविनाश पचवून उरलेत.’ पहिले त्याला जोडतात, एवढा जुना वारसा आपल्या हातून संपू द्यायचा का? दुसरे जोडतात, उल्का पडली तेव्हा जे मेले नाहीत ते ट्रॉलरला काय भीक घालणार? दोघांचे निष्कर्ष उलटसुलट, पण पाया एकच. आणि तो पायाच कच्चा आहे.

वाक्य सपशेल खोटं आहे असं नाही. कूर्चेचा सांगाडा असलेल्या, म्हणजे शार्क, पाकट, स्केट अशा, माशांचं घराणं खरोखर जुनं आहे. चीनच्या ग्वेइझोउ प्रांतातून २०२२ मध्ये जाहीर झालेले दात आणि काटे सुमारे ४३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यांचे धनी याच घराण्याच्या मुळाशी बसतात. पण घराणं जुनं असणं वेगळं आणि मासा जुना असणं वेगळं. घराणं ही बेरीज असते. बेरीज कायम राहून आतले आकडे सगळेच्या सगळे बदलू शकतात. या माशांच्या बाबतीत आपण जिथे जिथे फसलो, मग ती जीवाश्मांची गोष्ट असो, बंदरावरची आकडेवारी असो की कायद्याची यादी, तिथे तिथे हीच सवय आडवी आलेली दिसते. पुष्कळ प्राणी एका नावाखाली घालायचे आणि मग त्या नावाची तब्येत तपासायची. नाव ठणठणीत असतं. प्राणी गेलेले असतात.

हे दाखवायला शार्क फारसा कामाचा नाही, त्याच्याभोवती सिनेमा फार जमलाय. त्यापेक्षा स्केट बरा.

कोकणच्या किनाऱ्यावर मुशी, मोरी हे शार्क आणि पाकट, वागळी हे चपटे मासे, ही मंडळी घरचीच. स्केट मात्र आपल्या बाजारात जवळजवळ दिसत नाही, कारण त्याला थंड नाहीतर खोल पाणी लागतं. अंगाने पाकटासारखाच चपटा; दोन्ही बाजूंचे पर पसरून थेट डोक्याला जोडलेले. पण शेपटीवर पाकटाची विषारी नांगी नसते, त्याऐवजी पाठीवर आणि शेपटीवर काट्यांच्या रांगा असतात. पाकट पिल्लं घालतं, स्केट अंडी घालतो. चामड्यासारखा चिवट चौकोनी कोश, चार कोपऱ्यांना चार शिंगं आणि आत बहुधा एकटं पिल्लू. स्केटच्या जवळजवळ ३०० जाती आज ठाऊक आहेत. शार्कच्या सगळ्या मिळून साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे नुसते स्केट शार्कच्या निम्म्याच्या घरात जातात, आणि तरी ‘समुद्र वाचवा’च्या पोस्टरवर त्यांना कधी जागा मिळालेली नाही.

या माशांचा इतिहास लिहिणं मुळातच अवघड, कारण कूर्चा कुजते. मागे राहतात ते दात, काटे आणि कातडीवरचे खरखरीत खवले. माल्टा बेटावर खडकातून निघणाऱ्या त्रिकोणी दगडांना लोक शेकडो वर्षं सापांच्या जिभा समजत होते. १६६६ मध्ये इटलीच्या लिव्होर्नोजवळ एक मोठा शार्क पकडला गेला, त्याचं डोकं फ्लॉरेन्सला निकोलस स्टेनो या शरीररचनातज्ज्ञाकडे आलं, आणि जबड्यातले दात बघून त्याने त्या ‘जिभा’ कशाच्या ते ओळखलं. पुढे अभ्यास खूप वाढला, पण साधन बऱ्याच अंशी तेच राहिलं. एका बशीत मावतील एवढ्या दातांवरून अख्ख्या कुळाची वंशावळ मांडायची.

म्हणूनच लेबनॉनच्या डोंगरातले चुनखडक एवढे मोलाचे. हाकेल, हजूला आणि साहेल अल्मा इथल्या खाणींमध्ये क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या, काळातल्या समुद्रतळाचा बारीक चिखल पापुद्र्यांनी दगड झालाय. छिन्नी लावली की पापुद्रा सुटतो आणि आत अख्खा मासा निघतो. तेराव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई धर्मयुद्धाच्या निमित्ताने त्या किनाऱ्यावर होता, तेव्हा त्याच्यापुढे असा दगड आणला गेल्याचं त्याचा सहकारी जाँ द जॉइनव्हिल याने लिहून ठेवलंय. मासा दगडाचा होता, पण त्यात कशाची उणीव नव्हती, हे त्याचं म्हणणं. त्याला ते नवल वाटलं आणि तो पुढे गेला. हाकेलचा दगड साधारण साडेनऊ कोटी वर्षांचा, साहेल अल्माचा त्याहून कोटभर वर्षांनी अलीकडचा.

साहेल अल्माच्या अशाच फरशीवरून १८८७ मध्ये जेम्स डेव्हिस या इंग्रज अभ्यासकाने एका रुंद, चपट्या माशाचं वर्णन केलं. आज त्याला राजोऱ्हिना म्हणतात आणि स्केटच्या सर्वांत जुन्या अख्ख्या सांगाड्यांमध्ये तो धरला जातो. असा नमुना नीट पाहावा. पराच्या कडेपर्यंत गेलेल्या कूर्चेच्या काड्या एकेक करून मोजता येतात. जिथे कूर्चा कुजून जायला हवी होती तिथे तिच्यावरच्या कॅल्शियमच्या बारीक चकत्यांनी आकार धरून ठेवलाय. हाकेलचा सायक्लोबॅटिस दिसायला त्याहून गमतीदार, जवळजवळ गोल आणि काट्यांनी भरलेला. अनेक वर्षं तो पाकटांच्या बाजूला बसवला जायचा, नंतरच्या अभ्यासकांनी त्याला स्केटच्या जवळ आणलं. त्याच्या जागेवर अजून एकमत नाही, आणि एवढा पूर्ण सांगाडा हातात असूनही एकमत होत नाही हीच गोष्ट पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा स्केटचं वय ४० कोटी नाही. अख्खा सांगाडा म्हणून तो आपल्याला क्रिटेशसच्या उत्तरार्धात भेटतो. स्केट, पाकट अशा सगळ्या चपट्या माशांचं कूळच मुळी जुरासिकच्या सुरुवातीला दिसायला लागतं, म्हणजे डायनासोरांच्या आधी नव्हे, त्यांच्याबरोबर. ‘बदललेले नाहीत’ हेही असंच. कूर्चा म्हणजे हाडाच्या आधीची, मागासलेली अवस्था असं आपण शाळेत शिकलो. २०२० मध्ये मंगोलियातल्या मिंजिनिया या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या कवटीत आतलं खरं हाड सापडलं, आणि तो मासा शार्क आणि हाडाचे मासे वेगळे होण्याच्या आधीच्या शाखेवरचा. त्याचा सरळ अर्थ असा निघतो की शार्कच्या पूर्वजांकडे हाड असावं आणि यांनी ते सोडलं. सगळ्यांना हे पटलंय असं नाही, पण कूर्चा म्हणजे जुनाट माल हे आता कोणी छातीठोकपणे सांगू नये.

गंमत अशी की स्केटमध्ये खरोखर जुनं असं काही आहेच, फक्त ते आपण शोधत होतो तिथे नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा छोटा स्केट तळावर मागच्या परांनी आलटून पालटून पावलं टाकत चालतो. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्या चालीमागचं मज्जापेशींचं जाळं उंदराच्या पायांमागच्या जाळ्यासारखंच आहे. म्हणजे चालण्याची ही जोडणी जमिनीवर यायच्या कितीतरी आधीची. उलट ज्या रुंद परांकडे बघून आपण त्याला आदिम म्हणतो ते पर त्यामानाने अलीकडची कमाई आहे.

आणि नुसत्या शरीररचनेवर विसंबलं तर काय होतं त्याचंही उदाहरण याच घरात आहे. १९९२ मध्ये शिगेरू शिराई या जपानी अभ्यासकाने शरीररचनेच्या बारकाईच्या अभ्यासावरून मांडलं की चपटे मासे हे शार्कच्याच एका शाखेचे, करवत-शार्क आणि देवदूत-शार्क यांचे जवळचे नातलग. मांडणी भक्कम होती, दहा वर्षं चालली. मग डीएनए आला आणि म्हणाला, नाही, चपटे मासे आणि सगळे शार्क या दोन वेगळ्या बहिणी-शाखा आहेत. खडकातही चपटे मासे जुरासिकच्या सुरुवातीपासून मिळतात, एवढ्या लवकर ते शार्कच्या आतल्या फांदीतून फुटलेले असणं जमत नव्हतंच. तळावर पडून राहायचं ठरलं की अंग चपटं होतं, मग तुम्ही कोणत्याही घरचे असा. नातं नुसत्या रूपात नसतं.

आता ‘पाच महाविनाश पचवले’ या वाक्याकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

साडेसहा कोटींहून थोडी अधिक वर्षं मागे, क्रिटेशस संपताना, शार्क आणि चपट्या माशांचं काय झालं याचा सगळ्या जगभरच्या जीवाश्मांवरून हिशेब गिनो आणि काँदामीन या दोन फ्रेंच संशोधकांनी २०२३ मध्ये मांडला. जातीच्या पातळीवर ६२ टक्क्यांहून अधिक गेले. चपट्या माशांना शार्कपेक्षा जास्त फटका बसला. कवचाचे प्राणी फोडून खाणाऱ्यांना तर फारच. वाचले कोण? ज्यांचा वावर लांबरुंद पसरलेला होता ते. आणि नंतरची भरपाई संथ, तुकड्यातुकड्यांनी आणि अर्धवट झाली. घराणं उरलं हे खरंच, पण दहांतल्या सहाहून अधिक जाती मेल्या आणि आपण म्हणतो ‘पचवला’. कोणी पचवला? जे मेले त्यांनी नक्कीच नाही.

या गोष्टीशी आपल्या दख्खनचं नातं सरळ आहे. ज्या लाव्ह्यावर महाराष्ट्र उभा आहे तो त्याच सुमारास वाहिला. एक प्रवाह थंडावला आणि पुढचा यायचा होता, त्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला, आणि तो गाळ पुढच्या लाव्ह्याखाली झाकला गेला. चंद्रपूरपलीकडे तेलंगणात असिफाबादजवळ अशाच थरातून इग्डाबॅटिस या चपट्या माशाचे दात निघाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि हेन्री कापेटा यांनी १९९३ मध्ये त्यांचं वर्णन केलं. दात म्हणजे टोकदार काही नाही. फरसबंदीसारखे एकमेकांना लागून बसलेले सपाट तुकडे, शिंपले फोडायला. याच वंशाचे दात आधी आफ्रिकेतल्या नायजरमधून क्रिटेशसच्या अखेरच्या काळातले म्हणून माहीत होते. तेव्हा असिफाबादचा गाळ त्याच वयाचा ठरला, आणि दख्खनचा लाव्हा डायनासोरांच्या नंतरचा नव्हे तर त्यांच्या शेवटाला गाठून वाहिला या मताला एका माशाच्या दाढांनी बळ दिलं. शिंपले फोडणारे चपटे मासे म्हणजे त्या विनाशात सर्वाधिक मार खाल्लेला वर्ग. त्यांतला एक आपल्याच काळ्या दगडांच्या घडीत पडलाय.

आज कोणाला धोका आहे ते बघा. २०२१ मध्ये कूर्चेच्या सांगाड्याच्या १,१९९ जातींचं जे जागतिक मूल्यमापन झालं त्यात जवळजवळ एक तृतीयांश जाती धोक्यात निघाल्या. कारण प्रत्येकीच्या बाबतीत मासेमारी. आणि पुन्हा चपट्या माशांची अवस्था शार्कहून वाईट. करवत मासे आणि गिटारफिश, म्हणजे पुढून पाकट आणि मागून मुशी असे मासे, सगळ्यांत वर. उल्का वेगळी, जाळं वेगळं, पण यादीतली पहिली नावं बरीच जुळतात. जीवाश्मांकडून घ्यायचं ते हे, कोण आधी जातं आणि परत यायला किती काळ लागतो.

बेरीज माणसाला कशी फसवते याचा सगळ्यांत स्वच्छ दाखला मात्र ब्रिटनभोवतीच्या समुद्रात आहे. तिथे एक मोठा स्केट इतका मुबलक होता की त्याला ‘सामान्य स्केट’ हेच नाव पडलं. १९८१ मध्ये कीथ ब्रँडर यांनी आयरिश समुद्रातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाल्याचं दाखवून दिलं. सामान्य नावाचा प्राणी दुर्मीळ होतो आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही, असं का? कारण बंदरावर ‘स्केट आणि रे’ (रे म्हणजे इतर चपटे मासे) असा एकच रकाना होता. सगळं त्यात. २००० साली निकोलस डल्व्ही आणि सहकाऱ्यांनी तो रकाना उकलून बघितला. एकूण पकड बरीचशी स्थिर होती. आत मात्र मोठ्या जाती घसरत होत्या, काही स्थानिक पाण्यातून संपल्या होत्या, आणि त्यांच्या जागी लहान, लवकर वयात येणाऱ्या जाती वाढत होत्या. वर्गाची सरासरी तशीच राहावी आणि पुढच्या बाकावरची सगळी मुलं शाळा सोडून गेलेली असावीत, तसं.

गोष्ट इथे संपत नाही. २०१० च्या सुमारास दोन वेगवेगळ्या गटांनी सांगितलं की ‘सामान्य स्केट’ ही एक जात नाहीच. त्या दोन आहेत. एक अडीच मीटरच्या आसपास वाढणारी, वयात यायला दोन दशकांच्या घरात वेळ घेणारी. दुसरी बरीच लहान. एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षकांनी त्या वेगळ्या धरल्या होत्या. १९२६ मध्ये आर. एस. क्लार्क यांनी युरोपातल्या स्केटची फेरमांडणी केली आणि त्यात त्या एकाच नावाखाली गेल्या. त्यानंतर आठ दशकं वैज्ञानिकांचे लेख, मच्छीमारांचे आकडे, सरकारी धोरण, सगळं त्या एका नावावर चाललं. दोघींतली मोठी कमी होत होती तेव्हा धाकटीचे आकडे तिला झाकत होते. बाजारात तर प्रश्नच नव्हता; स्केट पर कापून, कातडं सोलून विकला जातो, आणि सोललेल्या पराला जात नसते.

मोठ्या स्केटचं आयुष्य बघितलं की त्याला जाळं का सोसत नाही ते कळतं. स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ पाणबुड्यांना समुद्रतळावर दगडगोट्यांमध्ये शंभराच्या आसपास कोश सापडले, प्रत्येक हातभर नाही तरी चांगला वीतभराहून मोठा. त्या कोशातून पिल्लू बाहेर पडायला सुमारे दीड वर्ष लागतं. दीड वर्ष तो कोश तिथेच, हलता येत नाही, पळता येत नाही. वरून एकदा शिंपल्यांसाठी तळ खरवडणारी जाळी गेली की संपलं. स्कॉटिश सरकारने २०२१ मध्ये तातडीने ती जागा संरक्षित केली. हळू वाढायचं, उशिरा वयात यायचं, मोजकीच पण तयार पिल्लं द्यायची, हा बेत कोट्यवधी वर्षं चालला, कारण मोठ्या वाढलेल्या माशाला मारणारं फारसं कोणी नव्हतं. ट्रॉलर नेमका त्यालाच मारतो. जुन्या काळातलं यश हे सहनशक्तीचं प्रमाणपत्र नाही. ज्या अटींवर ते मिळालं होतं त्या अटीच आपण मोडल्यात.

याच्या विरुद्ध एक मुद्दा मांडला जातो आणि तो वजनदार आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा बार्नडोर स्केट. १९९८ मध्ये केसी आणि मायर्स या संशोधकांनी तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असल्याचं लिहिलं, खूप गाजलं. नंतर तो सावरला. मग घाबरवणारे चुकले का? मला वाटतं, नाही. त्याच दशकात जॉर्जेस बँक या तिथल्या उथळ समुद्रातले मोठे पट्टे मासेमारीला बंद झाले होते आणि पुढे त्याला पकडून ठेवण्यावर बंदी आली. मासा सावरला तो जाळं दूर गेलं म्हणून. शिवाय तो सावरतोय हे कळलं कसं? संशोधन-बोटी त्याला नावाने वेगळा मोजत होत्या म्हणून. त्याच पाण्यातला काटेरी स्केट अजून खालीच आहे. एका रकान्यात दोघे असते तर एकाच्या सुधारणेने दुसऱ्याचं आजारपण झाकलं गेलं असतं.

मोजलंच नाही तर काय होतं हेही आता बघायला मिळालंय. १८६२ मध्ये एडुआर्ड फॉन मार्टेन्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने जाकार्ताच्या मासळी बाजारात एक लहान चपटा मासा विकत घेतला. जावा स्टिंगरी. विज्ञानाकडे त्या जातीचा तेवढा एकच नमुना आहे. पुढे दीडशेहून जास्त वर्षं दुसरा मिळाला नाही, अलीकडे बंदरं शोधली तेव्हाही नाही, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती जात नामशेष झाल्याचं जाहीर झालं. माणसाच्या हातून संपलेला समुद्रातला पहिला मासा म्हणून त्याची नोंद झाली. वावर छोटा, किनाऱ्यालगतचा. क्रिटेशसच्या अखेरीला कोण वाचलं याचं उत्तर वर आलंय. हा त्याच्या नेमका उलट टोकाचा. इंडोनेशियात चपट्या माशांची एकूण पकड अलीकडच्या दशकांत प्रचंड होती, त्या बेरजेत ही जात गेल्याचं कुठेच दिसलं नाही.

आता आपल्याकडे. भारतात दरवर्षी उतरलेल्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काढते, आणि जगात इतक्या पद्धतशीरपणे हे काम करणाऱ्या संस्था थोड्या आहेत, हे आधी मान्य करायला हवं. पण त्या आकड्यांत कूर्चेचे मासे वर्षानुवर्षं शार्क, स्केट, रे अशा तीन ढिगांत येत राहिले. त्यांतला ‘स्केट’ हा ढीग म्हणजे बहुतांशी गिटारफिश. खरा स्केट आपल्या बंदरावर क्वचितच उतरतो. म्हणजे ज्या गटाला जगात सर्वाधिक धोका आहे तो आपल्या कागदावर दुसऱ्याच गटाचं नाव लावून बसलाय. संस्थेचे शास्त्रज्ञ जातवार अभ्यासही करतात, तो चांगला आहे. पण धोरणाच्या टेबलावर जातो तो एकूण टनांचा आकडा.

कायद्याचं तसंच. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीत व्हेल शार्क, करवत मासे आणि आणखी काही जाती आल्या. गिटारफिशसारख्या एका मोठ्या माशाचंही नाव होतं, ऱ्हिन्कोबेटस जिडेन्सिस. नंतर वर्गीकरण बदललं आणि अभ्यासकांच्या लेखी त्या नावाचा मासा हिंदी महासागराच्या पश्चिमेकडचा, तांबडा समुद्र ते दक्षिण आफ्रिका या पट्ट्यातला ठरला. आपल्या किनाऱ्यावर येणारे बहुतेक त्याचे भाऊबंद, वेगळ्या नावांचे. कागदावर संरक्षण एकाला आणि जाळ्यात दुसरा. २०२२ च्या दुरुस्तीने यादी बरीच मोठी केली, त्याचं स्वागत. पण यादी लांबवली म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण यादी वाचणाऱ्या माणसाला समोरचा मासा ओळखता यायला हवा.

इथे मच्छीमारांचा आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, जाळ्यात काय यावं ते आमच्या हातात नाही. पाण्यातून वर आलं तेव्हा मेलेलं होतं. आता तुम्ही म्हणता जात लिहा. लिहिली आणि ती अनुसूचीतली निघाली की गुन्हा आमच्यावर. मग शहाणा माणूस काय करेल? बोटीवरच कापेल, नाहीतर परत समुद्रात टाकेल. हे अगदी खरं आहे. शिक्षा आणि मोजणी एकाच हातात दिली की मोजणी मरते. संरक्षण कडक झालं, नोंदी बंद झाल्या आणि मासा बेरजेतूनही गेला, ही अवस्था आजच्यापेक्षा वाईट.

आणि मासे ओळखणं कोळ्यांना जमणार नाही, असं जे एसी खोलीत म्हटलं जातं, ते मला पटत नाही. लिलावाच्या वाळूवर पाकटांच्या राशीतून पाठीवरच्या एका ठिपक्यावरून भाव वेगळा सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांना जाती ठाऊक आहेत. त्यांची नावं आपल्या रकान्यात नाहीत, एवढंच.

महाराष्ट्राकडे या बाबतीत एक चांगली सुरुवात तयार आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागाच्या साथीने २०१८ च्या अखेरीला एक योजना आणली. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर फाटलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो-व्हिडिओ. कासवं सुटली, व्हेल शार्क सुटले. भर समुद्रात, डुलत्या डेकवर, मोबाइलने काढलेले ते फोटो म्हणजे जातीची, जागेची आणि तारखेची नोंदच आहे, आणि ती करणाऱ्यावर कोणी गुन्हा घातला नाही, उलट पैसे दिले. ‘हे आमच्या लोकांना जमणार नाही’ या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर नाही.

तेव्हा मागणं फार मोठं नाही. मेलेल्या माशाचीही नोंद याच विश्वासावर घ्या. बंदरावर उतरताना मासा अख्खा असावा, पर कापलेला नको. मोजणारा माणूस वनखात्याचा नसावा, आणि त्याच्या वहीतली ओळ कोर्टात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही हे लेखी असावं. सगळ्या जाती एकदम नकोत. गिटारफिश आणि त्यांचे मोठे भाऊबंद, करवत मासे, मोठी पाकटं, अशा डझनभर नावांपासून सुरू करा, आणि ती नावं किनाऱ्यावर जी बोलली जातात तीच लिहा, शास्त्रीय नाव शेजारी छोट्या अक्षरात. ‘स्केट’ हा रकाना खोडून टाका. युरोपने २००९ च्या सुमारास स्केटच्या जातवार नोंदी सक्तीच्या केल्या, तेव्हा तिथल्या बंदरांवरही चुका भरपूर झाल्या आणि अजून होतात. पण चुकीची ओळ दुरुस्त करता येते, ‘इतर’ म्हणून लिहिलेली नाही. खर्च येईल तो माणसांच्या पगाराचा आणि तो राज्याने उचलावा. डिझेलच्या सवलतीवर जेवढं बोलणं होतं त्याच्या दशांश जरी या वहीवर विधिमंडळात झालं, तरी ट्रॉलर, पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याच्या बोटी) आणि पारंपरिक होड्या यांच्या नेहमीच्या भांडणात निदान एक तरी आकडा तिन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा असेल.